डार्विनचा पत्रव्यवहार : वनस्पतिप्रयोगांचीं पत्रें व त्यांचें संपादन

चार्लस डार्विन (१८०९–१८८२) याच्या समग्र पत्रव्यवहाराचा तिसावा व शेवटचा खंड केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें २०२३ सालीं प्रसिद्ध केला. पहिला खंड १९८५ सालचा. परंतु कामाचा आरंभ त्याच्याहि अकरा वर्षें आधींचा आहे. १९७४ सालीं फ्रेडरिक बर्कहार्ट या अमेरिकन पंडितांनीं प्राणिशास्त्रज्ञ सिड्नी स्मिथ यांच्या साह्यानें हा उद्योग हातीं घेतला. बर्कहार्ट २००७ सालीं निवर्तले व त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनीं तो तडीस नेला. पंधरा हजारांवर पत्रें, सुमारें दोन हजार पत्रलेखक आणि जवळजवळ अर्धशतकाचे श्रम, असा या प्रकाशनाचा पसारा आहे.

एका इंग्रज सृष्टिशास्त्रज्ञाच्या पत्रांशीं आमच्या त्रैमासिकाच्या वाचकांचा संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. फुलांतील केसर मोजण्याचा अधिकार त्यास नाहीं. परंतु जुनीं पत्रें कशीं जपावीं, कशीं लावावीं, त्यांच्या तारखा कशा ठरवाव्या आणि तीं कशीं छापावीं, हे प्रश्न आपणां सर्वांचे आहेत, आणि त्यांचें इतकें मोठें उदाहरण दुसरें क्वचितच सांपडेल. शिवाय या दप्तराचें संपादन दोनदां झालें. प्रथम निवडीच्या पद्धतीनें व नंतर समग्रतेच्या पद्धतीनें. दोहोंची तुलना करण्याची संधि त्यामुळें आयतीच मिळते.

पहिलें संपादन डार्विनचा पुत्र फ्रान्सिस याचें. १८८७ सालीं त्यानें वडिलांचें चरित्र व पत्रें तीन भागांत छापलीं. १९०३ सालीं ए. सी. सीवर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सहकार्यानें आणखी पत्रांचे दोन भाग काढले. फ्रान्सिस स्वतः उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञ होता, वडिलांच्या शेवटच्या वर्षांत त्यांचा मदतनीस होता, आणि त्याची पितृभक्ति डोळस होती. तरीहि त्याच्या योजनेंत एक दोष शिरला. पत्रें त्यानें विषयवार लाविलीं. उत्क्रांतिवादाची कथा आधीं सलग सांगून घेतली, आणि फुलांचें फलन, वेली, कीटकभक्षक वनस्पति, वनस्पतींच्या हालचाली यांवरील पत्रें तिसऱ्या भागाच्या शेवटीं वेगळ्या प्रकरणांत घातलीं. यामुळें ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ लिहून थकलेला ग्रंथकार पुढें बागेंत फुलें पाहून मन रमवीत राहिला, असा समज वाचकांत रूढ झाला. सालवार लाविलेले खंड वाचतां हा समज टिकत नाहीं. वनस्पतींवरील प्रयोग हे सिद्धांताचें प्रमाण जमविण्यासाठींच चालले होते, हें पत्रांच्या क्रमावरूनच दिसून येतें. पुष्कळसा मजकूर पूर्वींच छापलेला होता. क्रम बदलतांच त्याचा अर्थ बदलला. या परीक्षणांत आम्हांस मुख्यतः हेंच दाखवावयाचें आहे.

प्रथम दप्तराची हकीकत. फ्रान्सिसनें लिहून ठेविलें आहे कीं, डार्विन आलेलीं पत्रें लोखंडी सळयांवर टोंचून ठेवी. आपल्याकडील दुकानदार पावत्या तारेच्या आंकड्यास टोंचतो, तसाच हा प्रकार. सळया थोड्या, त्या भरल्या म्हणजे कित्येक वर्षांचीं पत्रें एकदम जाळून तो त्या मोकळ्या करी. १८६२ च्या पूर्वीं त्यास आलेलीं बहुतेक पत्रें अशा रीतीनें नष्ट झालीं. पुढें इतरांच्या सांगण्यावरून तो महत्त्वाचीं पत्रें राखूं लागला. उलटपक्षीं त्यानें लिहिलेलीं पत्रें हूकर, लायेल, ग्रे या मित्रांनीं जपलीं म्हणून उरलीं. त्यामुळें आरंभींच्या खंडांत बहुधा एकाच पक्षाचें बोलणें ऐकूं येतें. दहाव्या खंडाच्या सुमारास दुसरा पक्ष बोलूं लागतो, आणि वाचकास आतां खोलींत आणखी कोणी आलें असा भास होतो.

डार्विनची दुसरी खोड याहून विलक्षण. आलेल्या पत्रांतील उपयोगी मजकूर तो कात्रीनें कापून विषयवार बासनांत ठेवी. बियांचा मजकूर एका बासनांत, कबुतरांचा दुसऱ्यांत, आणि उरलेला भाग कोठें तरी. एकाच पत्राचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणांहून शोधून, कागदाच्या कडा व वाक्यांचे सांधे पाहून जोडण्याचें काम संपादकांस करावें लागलें. वाळवीनें खाल्लेल्या बाडाचीं पानें ज्यांनीं कधीं लाविलीं आहेत त्यांस या श्रमांची कल्पना येईल. फरक एवढाच कीं, येथें वाळवीचें काम खुद्द मालकानेंच केलें होतें.

तारखांची अडचण तर आपल्या चांगल्या परिचयाची आहे. डार्विन पत्रावर दिवस व महिना घाली. साल बहुधा घालीत नसे. आमच्या मराठी पत्रांतहि चंद्र असतो आणि साल नसतें. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापला तेव्हांपासून यावर आपल्याकडे वाद होत आले आहेत. केंब्रिजच्या संपादकांनीं कागदाची जात, जलचिन्ह, पत्त्याचा ठसा, टपालाचा शिक्का आणि मजकुरांतील उल्लेख यांवरून सालें ठरविलीं. अनुमानानें घातलेला प्रत्येक अंक चौकोनी कंसांत ठेविला. व अनुमानाचा आधार टीपेंत दिला. मूळचें किती व संपादकाचें किती, हें वाचकास एका दृष्टिक्षेपांत कळतें. हा दंडक किरकोळ वाटेल. परंतु त्याच्या अभावीं आपल्याकडील किती संग्रह आज निरुपयोगी होऊन बसले आहेत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. १८५५ सालचीं पत्रें पाहावीं. तीं पांचव्या खंडांत आहेत. महासागरांतील बेटांवर वनस्पति आल्या कोठून, हा त्या वेळचा प्रश्न. प्रत्येक जीवजाति एकाच ठिकाणीं उद्भवून पसरली असें म्हणावयाचें तर बियांनीं समुद्र ओलांडला पाहिजे. क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर (१८१७–१९११) यास तें संभवनीय वाटेना; पूर्वींची जमीन बुडून गेली असावी, या कल्पनेकडे त्याचा ओढा होता. याच हूकरला ११ जानेवारी १८४४ च्या पत्रांत डार्विननें जीवजाति अचल नाहींत असें आपलें मत प्रथम कळविलें होतें, आणि तें कळविणें म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखें वाटतें असें कंसांत म्हटलें होतें. तो कंस मुद्दाम पाहण्यासारखा आहे. एवढें भयंकर वाक्य, पण तें जातां जातां म्हटल्यासारखें!

डार्विननें बाटल्यांत खारें पाणी भरून त्यांत बिया टाकल्या आणि मधून मधून काढून पेरल्या. तो हूकरसाहेबांस हरविणार काय, असें त्याचीं मुलें वरचेवर विचारीत, हें त्यानेंच हूकरला लिहिलें आहे. अहाळिवासारखीं बीं आठवडेच्या आठवडे खाऱ्या पाण्यांत राहूनहि रुजलीं. परंतु मे महिन्यांत दुसरीच अडचण ध्यानांत आली. बीं जगतें खरें, पण पाण्यांत बुडतें. आणि जें बुडतें तें समुद्र कसें तरणार? इतका खटाटोप करून खारविलेल्या या बिया कृतघ्न निघाल्या, अशी थट्टेची तक्रार त्या पत्रांत आहे. मग फळांसह वाळविलेल्या फांद्या तरतात काय, हें पाहण्याचा नवा प्रयोग निघाला. ‘ओरिजिन’मध्यें या सर्वांचा निष्कर्ष आंकड्यांनीं दिला आहे. ८७ प्रकारच्या बियांपैकीं ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यांत राहून रुजल्या. कांहीं थोड्या १३७ दिवसांनंतरहि जगल्या. वाळविलेल्या ९४ वनस्पतींपैकीं १८ वनस्पति २८ दिवसांहून अधिक काळ तरंगल्या. ग्रंथांत हे आंकडे शांतपणें बसलेले दिसतात. ते कोणाच्या कोणत्या आक्षेपाचें उत्तर आहेत, हें पत्रें वाचल्याशिवाय नीट कळत नाहीं. पूर्वपक्ष काढून टाकलेलें भाष्य वाचतांना होते तशीच वाचकाची स्थिति होते. उत्तर समोर असतें आणि प्रश्न हरवलेला असतो.

यापुढें १८५७–५८ चीं पत्रें. संग्राहकांच्या दृष्टीनें हा भाग सर्वांत मोलाचा आहे. कारण येथें एक खाजगी पत्र सनदेसारखें पुढें आलें.

एसा ग्रे (१८१०–१८८८) हा हार्वर्ड येथील वनस्पतिशास्त्रज्ञ. अमेरिकेंतील पर्वतीय वनस्पतींविषयीं विचारणा करण्याच्या निमित्तानें डार्विननें एप्रिल १८५५ मध्यें त्यास पत्र धाडलें, आणि त्यांतून पत्रव्यवहार वाढत गेला. ५ सप्टेंबर १८५७ च्या पत्रासोबत डार्विननें नैसर्गिक निवडीच्या आपल्या सिद्धांताचा संक्षेप ग्रेला पाठविला. पुढें जून १८५८ मध्यें मोलुक्का बेटांपैकीं तेर्नाते येथून आल्फ्रेड रसेल वॉलेस याचा निबंध डार्विनच्या हातीं पडला, आणि त्यांत बहुतेक तोच सिद्धांत होता. लायेल व हूकर यांनीं तोड काढली. १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनीयन सोसायटींत डार्विनच्या १८४४ च्या टिपणांतील उतारा, ग्रेला लिहिलेल्या पत्राचा सारांश आणि वॉलेसचा निबंध, या क्रमानें तीन कागद वाचण्यांत आले. डार्विन सभेस नव्हता. त्याचें तान्हें मूल २८ जून रोजीं वारलें होतें. वॉलेस त्या वेळीं न्यू गिनींत होता. त्याची संमति कोणी विचारली नव्हती, विचारणें शक्यहि नव्हतें.

आतां या सनदेची तारीख पाहा. छापलेल्या त्याच लेखाच्या प्रस्तावनेंत लायेल व हूकर हे ग्रेला लिहिलेलें पत्र ऑक्टोबर १८५७ चें म्हणतात; आणि थोडें पुढें, त्या पत्राच्या मथळ्यावर, ५ सप्टेंबर १८५७ ही तारीख आहे. शिवाय सिद्धांताचें पहिलें टांचण १८३९ चें असल्याचें प्रस्तावना सांगते. वस्तुतः तें १८४२ चें आहे. पत्र नक्की कोणत्या महिन्याचें हें खुद्द डार्विनासहि आठवत नव्हतें. सभा झाल्यावर, जुलै महिन्यांत, त्यानें ग्रेला लिहून तारीख विचारली. आपल्याकडील एखाद्या वतनाच्या कज्जांत एकाच कागदावर अशा दोन तारखा निघाल्या असत्या तर प्रतिपक्षाच्या वकिलानें काय केलें असतें, याची कल्पना सहज करतां येईल. समाधान इतकेंच कीं, मूळ पत्र ग्रेनें फेकून दिलें नाहीं. तें हार्वर्ड येथें राहिलें, आणि सप्टेंबर हाच महिना खरा ठरला. डार्विनचें हस्ताक्षर दुर्बोध असल्यानें त्याच्या लेखांच्या स्वच्छ नकला डाउन गांवचा शाळामास्तर एबेनेझर नॉर्मन मोबदला घेऊन करीत असे. या धंद्यांतील आम्हां लोकांचा शास्त्राच्या इतिहासाशीं संबंध येतो तो असाच.

वॉलेसच्या पत्राची गोष्ट याच्या उलट आहे. निबंधासोबतचें त्याचें पत्र आणि निबंधाची मूळ हस्तलिखित प्रत, दोन्ही गहाळ आहेत. तें डार्विनला केव्हां पोंचलें, हें त्यानें लायेलला लिहिलेल्या पत्रावरून ठरवावें लागतें. आणि त्या पत्रावर नुसता १८ हा अंक आहे, महिना व साल संपादकांनीं कंसांत घातलेलीं आहेत. १९७२ सालीं मॅककिनी या संशोधकानें असें दाखविलें कीं, वॉलेसनें तेर्नाते येथूनच फ्रेडरिक बेट्स यास लिहिलेल्या पत्राच्या लिफाफ्यावर ३ जून १८५८ चा शिक्का आहे. मग डार्विनचें पत्रहि त्याच टपालानें येऊन दोन आठवडे दडविलें गेलें काय? यावरून चोरीचे आरोप झाले, पुस्तकें निघालीं. २०१२ सालीं व्हान वाय्ह व रुकमाकर यांनीं डच व इंग्रज टपालजहाजांच्या वेळापत्रकांवरून दुसरा पक्ष मांडला. वॉलेसचें पत्र हें डार्विनच्या ज्या पत्राचें उत्तर होतें तें मार्चच्या जहाजानें तेर्नाते येथें आलें असावें. म्हणून उत्तर त्याच जहाजानें न जातां पुढच्या जहाजानें निघालें, आणि १८ जूनच्या सुमारास पोंचलें. आमच्या मतें हा दुसरा पक्ष बलवत्तर आहे. कारण त्यांत कोणाच्याहि मनांतील हेतूंविषयीं अनुमान करावें लागत नाहीं, जहाजांच्या तारखा पुरतात. परंतु ज्या वस्तूनें हा वाद पेटला ती वस्तु म्हणजे एक रिकामा लिफाफा! मजकूर उतरून घेतला म्हणजे लिफाफा टाकून देणारे, किंवा चांगल्या स्वाक्षरीचें पत्र विकावयास रुमालांतून वेगळें काढणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं सातवा खंड अवश्य वाचावा.

प्रकाशनाविषयींच्या पत्रांवर थोडक्यांत लिहितों. ‘ओरिजिन’ २४ नोव्हेंबर १८५९ रोजीं जॉन मरे यानें १,२५० प्रती काढून प्रसिद्ध केला. हा ग्रंथ म्हणजे मोठ्या ग्रंथाचा केवळ गोषवारा, असें नांवांतच म्हणावें अशी डार्विनची इच्छा होती. पुस्तकविक्या मरे यास तें रुचलें नाहीं. हस्तलिखित पाहून एल्विन नांवाच्या नियतकालिकाच्या संपादकानें सल्ला दिला कीं, ग्रंथकारानें हें सोडून कबुतरांवर पुस्तक लिहावें, लोक आवडीनें वाचतील. मुद्रितांत डार्विननें इतक्या दुरुस्त्या केल्या कीं त्यांचाच खर्च ७२ पौंडांवर गेला. हीं पत्रें गमतीचीं आहेत. परंतु सिद्धांतावर त्यांनीं विशेष प्रकाश पडत नाहीं.

खरी संपत्ति १८६२ सालांत आहे. निवडीच्या पद्धतीनें काय गमावलें तें या एका सालावरून कळेल. त्या वर्षीं मे महिन्यांत ऑर्किड फुलांच्या फलनावरील डार्विनचें पुस्तक बाहेर पडलें. जानेवारींत बेटमन नांवाच्या संग्राहकानें मादागास्कर बेटांतील एका ऑर्किडाचीं फुलें त्यास पाठविलीं. त्यांची मधाची नळी जवळजवळ एक फूट लांब. इतक्या लांब सोंडेचा पतंग तेथें असलाच पाहिजे, असें अनुमान डार्विननें केलें, आणि तसा पतंग १९०३ सालीं रॉथ्सचाइल्ड व जॉर्डन यांनीं वर्णन करून प्रसिद्ध केला. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत ग्रेला लिहिलेल्या पत्रांत डार्विन म्हणतो कीं, हें पुस्तक म्हणजे शत्रूच्या बगलेवर घातलेला छापा आहे, आणि हें ग्रेखेरीज कोणाच्या लक्षांत आलेलें नाहीं. फुलांची जी रचना ईश्वराच्या कौशल्याचा पुरावा म्हणून दाखविली जाई, तीच जुन्या अवयवांच्या फेरफारानें कशी बनली हें त्यानें दाखविलें, आणि दाखवितांना वादाचा शब्दहि जपून वापरला. गनिमी काव्याचा हा प्रकार महाराष्ट्रीय वाचकास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

त्याच सालीं प्रिम्यूला या फुलझाडावरील त्याचा लेख छापून आला. या झाडाच्या कांहीं रोपांत स्त्रीकेसराचा देंठ लांब व पुंकेसर खालीं. कांहींत देंठ आंखूड व पुंकेसर वर. दोन वेगळ्या प्रकारांचा संकर केला तर बीं भरपूर धरतें. एकाच प्रकारांतील फुलांचा आपसांत केला तर फार थोडें. पुढें लिथ्रम या वनस्पतींत असे तीन प्रकार व संकराच्या अठरा जोड्या निघाल्या. त्यांपैकीं सहाच पूर्ण फलदायी. या फुलानें आपणांस वेड लागावयाची पाळी आली आहे, असें तो ग्रेला लिहितो. फ्रान्सिसच्या ग्रंथांत हा सर्व मजकूर फुलांच्या प्रकरणांत आहे. परंतु त्याच दिवसांत थॉमस हक्सली हा डार्विनचा कैवारी एक आक्षेप सतत घेत होता: मनुष्यानें निवडीनें बनविलेल्या प्राण्यांच्या जाती एकमेकींशीं वांझ ठरल्याचें अद्याप कोणीं दाखविलेलें नाहीं, तें दाखविल्यावांचून सिद्धांत पुरा होत नाहीं. हक्सलीचीं हीं पत्रें फ्रान्सिसनें दुसऱ्या ठिकाणीं घातलीं. दहाव्या खंडांत तीं शेजारीं शेजारीं येतात, आणि मग उमजतें कीं प्रिम्यूला हेंच हक्सलीला उत्तर होतें. एकाच जातीच्या, एकाच आईच्या रोपांतहि वांझपणा उत्पन्न होऊं शकतो. तेव्हां वांझपणा हें भिन्न जातींचें जन्मसिद्ध लक्षण मानण्याचें कारण उरत नाहीं. ज्यास विसावा म्हणत आले, तेथें वादाचें मर्म होतें.

दहाव्या खंडांतच जॉन स्कॉट भेटतो. याच्या पत्रांवर आम्हीं सर्वांत अधिक वेळ घालविला. स्कॉट हा एडिंबरोच्या शासकीय वनस्पतिबागेंतील एक माळी. कुळ नाहीं, विद्यापीठाची पदवी नाहीं. नोव्हेंबर १८६२ मध्यें त्यानें डार्विनला पत्र लिहून कळविलें कीं, ऑर्किडांवरील पुस्तकांत अ‍ॅक्रोपेरा या फुलाविषयीं चूक आहे. ज्यास आपण केवळ नर समजलां त्याच फुलास फळ धरलें आहे. डार्विननें उलट टपालीं आभार मानले, आणि येथें चूक असेल तर दुसऱ्याहि एका फुलाविषयीं असेल अशी धास्ती व्यक्त केली. १८७७ च्या आवृत्तींत अ‍ॅक्रोपेराची दुरुस्ती झाली. तेथून दोन वर्षें पत्रांचा जो ओघ चालला त्यांत गुरुशिष्यसंबंधाचें चित्र आहे. प्रयोग कसा आंखावा, बिया मोजून कशा लिहाव्या, लेख कसा आटोपशीर करावा, हें डार्विन सांगतो. सिद्धांत मनांत ठेवून निरीक्षण कर, पण नांव होईपर्यंत सिद्धांत छापण्याची घाई करूं नकोस, असा त्याचा एक उपदेश जून १८६३ च्या पत्रांत आहे. विद्यार्थ्यांस शिकविणाऱ्या कोणासहि तो पटेल. स्कॉटचा प्रिम्यूलावरील लेख १८६४ सालीं लिनीयन सोसायटीपुढें आला.

त्याच वर्षीं वरिष्ठांशीं न पटून स्कॉटनें नोकरी सोडली. डार्विननें त्याच्या हिंदुस्थानच्या प्रवासाचा खर्च दिला, हूकरनें शिफारस केली, आणि स्कॉट पुढें कलकत्त्याच्या वनस्पतिबागेचा क्यूरेटर झाला. हूकरला या माणसाविषयीं पुरता विश्वास नव्हता, हें त्याच्या पत्रांतून डोकावतें. कलकत्त्यास जाऊन स्कॉटनें काम सोडलें नाहीं. व्हर्बॅस्कम वनस्पतींच्या संकरांवरील त्याचा लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १८६७ सालीं छापला आहे, आणि ज्यांच्याकडे तो संच असेल त्यांनीं तो काढून पाहावा. त्यानें कलकत्त्याच्या बागेंतील गांडुळांच्या मातीचीं निरीक्षणें डार्विनला पाठविलीं. १८८० सालीं तो वारला. डार्विनचें गांडुळांवरील पुस्तक १८८१ सालीं निघालें, त्यांत तीं आहेत.

१९०३ च्या संग्रहांत डार्विननें स्कॉटला लिहिलेलीं पत्रें बरीच छापलीं होतीं. म्हणजे उपदेश होता. ज्यावरून उपदेश निघाला तें स्कॉटचें लिहिणें मुख्यतः बाहेर राहिलें. तें आतां छापलें आहे. तीं लांबलचक, थोडीं अवघडलेलीं पत्रें आहेत. मोठ्या माणसास लिहितांना शब्द जड होतात तशीं. पण मोजमाप त्यांत नेटकें आहे आणि मतभेद स्पष्ट आहे. फ्रान्सिसला दोष देण्याचा हेतु नाहीं. दोन भागांत किती मावणार? तरीहि निवड करणारा थोर माणसाचें पत्र ठेवतो आणि लहानाचें गाळतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आपल्या दप्तरांतून कारभाऱ्यांचीं पत्रें छापलीं गेलीं. कारकुनांचीं, गुमास्त्यांचीं, बागवानांचीं अद्यापि बासनांतच आहेत, आणि जीं बासनें विकत घेतलीं जात नाहींत तीं चुलींत जातात.

हिंदुस्थानशीं दुसराहि एक धागा येथें आहे, तो वनस्पतींचा नसून कबुतरांचा. परंतु ताम्रपट व शिलालेखांच्या अभ्यासकांस तो रुचेल. जानेवारी १८५६ मध्यें डार्विननें मद्रास इलाख्यांतील सर वॉल्टर एलियट यास पत्र लिहून कबुतरें व कोंबडीं यांचीं कातडीं मागविलीं. तीं एलियटनें पाठविलीं, आणि कबुतरांवरील एका फारसी ग्रंथाचा तर्जुमाहि पाठविला. डार्विननें आपल्या पाळीव प्राण्यांवरील ग्रंथांत त्याचा साभार उल्लेख केला आहे. अकबराच्या दरबाराबरोबर वीस हजार कबुतरें असत, ही ‘ऐने अकबरी’तील माहिती ‘ओरिजिन’मध्यें आली आहे हें अनेकांस ठाऊक असेल. हाच एलियट तरुणपणीं धारवाडकडे, त्या वेळच्या दक्षिण महाराष्ट्रांत, नोकरीस होता. १८२४ च्या कित्तूरच्या बंडांत कैद झाला होता. आणि पुढें चालुक्यांचे शिलालेख उतरून घेऊन त्यानें त्या घराण्याच्या इतिहासाचा पाया घातला. शिलालेखांचे ठसे आणि कबुतरांचीं कातडीं एकाच माणसाच्या हातून विलायतेस गेलीं.

एका दंतकथेचाहि येथें निकाल लागतो. ग्रेगोर मेंडेल याचा वाटाण्यांवरील १८६६ चा लेख डार्विनच्या कपाटांत पानें न फाडतां पडून होता, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. त्याच्या ग्रंथसंग्रहांत तो लेख नाहीं आणि पंधरा हजार पत्रांत मेंडेलचें एकहि नाहीं. समग्र संग्रहाचा हाहि एक लाभ; निवडक संग्रहावरून अभाव सिद्ध करतां येत नाहीं.

आतां दोष. डार्विनचें अशुद्धलेखन व संक्षेप संपादकांनीं जसेच्या तसे राखले, हें योग्यच. फ्रान्सिसनें ते गुळगुळीत केले होते. परंतु हस्तलिखितांतील खाडाखोड व दुरुस्त्या त्यांनीं खंडाच्या शेवटीं एकत्र यादींत दिल्या आहेत. खोडलेला शब्द जेथें आहे तेथेंच, पानाच्या तळाशीं, हवा. ‘कदाचित्’ खोडून ‘निश्चित’ लिहिलें किंवा उलट केलें, हें वाचतां वाचतां कळलें तर उपयोग. चारशें पानें उलटून तें पाहणार कोण? दुसरें असें कीं, डार्विननें लिहिलेलीं वा त्यास आलेलीं पत्रें एवढीच मर्यादा सामान्यतः पाळली आहे. त्यामुळें हूकर व ग्रे यांनीं डार्विनविषयीं एकमेकांस काय लिहिलें, तें शोधावयास वाचकास अन्यत्र जावें लागतें. खंडांची किंमत सामान्य ग्रंथालयास झेपणारी नाहीं. मात्र सर्व पत्रें संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास ठेविलीं आहेत, म्हणून ही तक्रार आम्ही फार ताणीत नाहीं. प्रत्येक खंडाच्या शेवटीं पत्रलेखकांचा चरित्रकोश आहे. त्यांत उमराव, पाद्री, कबुतरपाळे, माळी हे सर्व वर्णानुक्रमानें एकाच रांगेंत बसले आहेत. आणि स्कॉटची नोंद त्यांत हूकरच्या नोंदीइतक्याच काळजीनें केलेली आहे.